पुनर्लेखन : तीन लिंका, पाचशे शब्द आणि एक किलो मोरचूद

आटपाडीची_सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी घरून कंटेंट रायटिंग करते. सकाळी एजन्सीकडून शीट येते. त्यात विषय, कीवर्ड, शब्दसंख्या आणि 'रेफरन्स' म्हणून तीन लिंका. तिन्ही वाचायच्या, त्यातून चौथा लेख तयार करायचा, कॉपीस्केपमध्ये (नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर) टाकायचा, लाल काही दिसलं नाही की पाठवून द्यायचा. शब्दाला तीस पैसे. मुलं शाळेत असताना दोन लेख आरामात होतात. घरात चार पैसे येतात, त्यामुळे हे काम नक्की काय आहे असा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

गेल्या महिन्यात शीटमध्ये डाळिंबावरचा तेल्या रोग हा विषय आला. आमची डाळिंबाची बाग आहे, पण ती मामा (सासरे) बघतात, माझा संबंध फळं आल्यावर. लिंका वाचून मी लिहिलं : बोर्डो मिश्रणासाठी (रोगावर फवारायचं औषध) एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी घेऊन संपूर्ण बागेवर फवारावे. कॉपीस्केप स्वच्छ. लेख लागला. मी कौतुकाने मामांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "धा लिटरला किलो? आगं, झाडं जाळायच्यात का?"

फवारणीचं मिश्रण एक टक्का असतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, पाणी शंभर लिटर. दहा लिटरचं जे असतं ती बोर्डो पेस्ट. छाटणीनंतर ब्रशने खोडाला लावतात, पानांवर मारत नाहीत. मामा म्हणाले, ते पंपाच्या नोझलमधून जायचंसुद्धा नाही.

मग मी लिंका पुन्हा उघडल्या. एकीत मिश्रण आणि पेस्ट असे दोन वेगळे परिच्छेद होते. दुसरीने ते एकत्र करताना मधलं वाक्य गाळलं होतं. तिसरी दुसरीवरून उतरवलेली, वाक्यांचा क्रमसुद्धा तोच. आणि चौथी मी. दोघींचं जुळलं म्हणून मी दुसरी-तिसरीवर विश्वास ठेवला होता.

मी काही चोरलं का? एकही वाक्य उचललेलं नाही. पण मला रात्री झोप लागेना. जाणकारांनी सांगावं.


पैसा_पासरी

ताई, आधी शांत व्हा. एजन्सीला मेल टाका, आकडा दुरुस्त करून घ्या, विषय संपला.

मी स्वतः अशा एका ठिकाणी सहा वर्षं संपादन केलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गिऱ्हाईक पाचशे शब्दांचे दीडशे रुपये देतो. त्यात बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलून लेख होत नाही. सगळं जगच एकमेकांचं वाचून लिहितं. माहितीवर कुणाची मालकी नसते. वाक्यं स्वतःची असली की झालं. नैतिकतेचा काथ्याकूट करायचा तर तीस पैशांत कशाला, तीन रुपयांत करू.


टेकडीवरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.


कलमकसाई

पासरीरावांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं धोक्याचं. माझा धंदा वकिलीचा, तेव्हा कायद्यापुरतं सांगतो.

माहितीवर मालकी नसते हे खरं. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक तथ्यं यांवर कॉपीराइट नाही. मांडणीवर आहे. आनंद यांचं नाटक होतं, त्यावरून सिनेमा काढला असा त्यांचा दावा होता, आणि ते हरले. एक किलो मोरचुदाला किती पाणी, हे कुणाचंही नाही.

पण त्याच निकालात कसोटीही आहे. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटलं, तर ती नक्कल. त्यात शब्द मोजायला सांगितलेलं नाही. क्रम तोच, उदाहरणं तीच, उपमा तीच, आणि फक्त 'महत्त्वाचे'च्या जागी 'मोलाचे', तर कॉपीस्केपला कळणार नाही, न्यायाधीशांना कळेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ खाली भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्कही मूळ मालकाचाच आहे. इंग्रजी लेख मराठीत आणला म्हणजे तो आपला झाला, हा आपल्याकडचा सर्वात लाडका गैरसमज. कॉपीस्केपला इंग्रजी-मराठी जुळवता येत नाही म्हणून तो टिकून आहे, एवढंच.

कलम ५२ मध्ये 'न्याय्य वापर' आहे : खाजगी अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. 'गिऱ्हाईकाला सोमवारपर्यंत हवं होतं' हे त्यात बसत नाही.

ताई, एक व्यावहारिक गोष्ट. एजन्सीशी करार झाला असेल तर तो काढून वाचा. 'मजकूर मूळ असल्याची हमी लेखकाची, दावा आल्यास भरपाई लेखकाची' असं कलम बहुधा असतं. म्हणजे लिंका त्यांनी द्यायच्या, मान तुमची.


आटपाडीची_सून

कलमकसाई दादा, करार काढला. पान तीन. आहे तसं कलम. 😐


नेवार्ककर

माझी फिर्याद नोंदवून घ्या. मी जर्सीत राहते, स्वयंपाकाचा ब्लॉग लिहिते. सोलकढीवर लिहिलं होतं. त्यात माझी आत्या, तिचा तांब्या, वेंगुर्ल्याचं घर, नारळ खवताना ती गुणगुणायची ते, सगळं होतं. सहा महिन्यांनी एका साइटवर तोच लेख दिसला. आत्याची काकू झाली होती. वेंगुर्ल्याचं मालवण. तांब्याचा 'धातूचा पेला'. गुणगुणणं तेवढं तसंच ठेवलं होतं.

कृती नेली असती तर मला काही वाटलं नसतं. आमसुलं भिजवा, नारळाचं दूध काढा, हे काय माझं आहे? पण माझी आत्या घेऊन गेले हो! तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

त्या साइटला लिहिलं तर उत्तर आलं, "अवर कंटेंट इज १००% युनिक."


पोटोबा

नेवार्ककर ताई, वाईट वाटलं. धातूच्या पेल्याला हसलोसुद्धा, माफ करा.

अशा साइट्सवरच्या पाककृतींचा मी संग्रह करतो. 'चवीपुरतं मीठ'चं 'आस्वादापुरते लवण'. 'मूठभर कोथिंबीर'ची 'मुष्टिभर'. 'कढीला उकळी फुटू देऊ नये'चं 'कढीला उकळी तुटू देऊ नये'. समानार्थी शब्दांचं यंत्र फिरवलं की असं होतं.


खडू_फळा

पोटोबा, हा प्रकार संशोधनातही आहे. फ्रान्समधल्या तूलूझचे संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये शोधनिबंधांतले असे शब्द गोळा केले आणि त्यांना 'छळलेले शब्दप्रयोग' म्हटलं. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल', उराचं संकट! नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायला शब्द बदलले, आणि त्या बदललेल्या शब्दांनीच निबंध पकडून दिले.

मी महाविद्यालयात शिकवते. मुलं प्रकल्पात हेच करतात. विचारलं तर प्रामाणिकपणे सांगतात, "मॅम, कॉपी नाही केलं, रीफ्रेज केलं." आम्हीच शाळेत 'स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हणून शिकवलं. 'स्वतःच्या डोक्याने' म्हणायचं राहिलं.

पासरीरावांना एक प्रश्न. कायदा बाजूला ठेवा. केतकरांचा ज्ञानकोश आज कॉपीराइटमुक्त आहे. त्यातली नोंद शब्द बदलून माझ्या नावावर छापली तर कोर्ट मला काही करणार नाही. मग ते चालेल का? वाङ्मयचौर्य हा शब्द आपल्याकडे कोर्टामुळे आलेला नाही.


पैसा_पासरी

मॅडम, त्या लेखांवर कुणाचंच नाव नसतं. 'टीम अमुकतमुक' असतं. नाव मिरवायचंच नाही तर चौर्य कसलं?


खडू_फळा

नाव नसलं की जबाबदारही कुणी नसतं, हे तर ताईंच्या मोरचुदाने दाखवलंच.


उपसंपादक_निवृत्त

तरुण मंडळींनो, जरा म्हाताऱ्याचं ऐका. मी तीस वर्षं मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. आमचं सगळं आयुष्यच पुनर्लेखनात गेलं. टेलिप्रिंटरवर पीटीआयची इंग्रजी तार यायची, ती फाडायची, मराठीत उतरवायची, वीस ओळींची आठ करायची. कुणाला चोर म्हणायची हिंमत नव्हती. कारण दोन : वृत्तपत्र त्या तारांची वर्गणी भरत होतं, आणि बातमीवर 'वृत्तसंस्था' असं छापत होतं. पैसे दिले आणि नाव सांगितलं.

पुनर्लेखनाला कमी लेखू नका. ती कारागिरी आहे. बोजड प्रेसनोटमधून वाचकाला लागणारी ओळ काढून वर आणायची, 'सदर' आणि 'उपरोक्त' उडवायचे, आकडा संशयास्पद वाटला तर फोन उचलायचा. आमचे मुख्य उपसंपादक आकड्याखाली लाल रेघ मारून विचारायचे, "कुणी सांगितलं?" 'इंग्रजीत तसं आहे' हे उत्तर चालायचं नाही. एकदा मी कोटीचे लाख केले होते, तो दिवस अजून आठवतो. असो.

भाषांतराचा मान पूर्वी कसा राखत, तेही पाहा. आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेट मराठीत आणलं, तेव्हा 'विकारविलसित'च्या पुढे शीर्षकातच शेक्सपीअरचं नाटक आणि हे त्याचं भाषांतर, असं घातलं. शेक्सपीअर काही दावा लावायला येणार नव्हता.

ताईंच्या कामात मला चोरीपेक्षा 'कुणी सांगितलं?' विचारणारा माणूस नसणं जास्त खटकतं.


टेकडीवरचा

काकांना +१००. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

माझा अनुभव उलट्या टोकाचा. मी एसईओचं काम करतो (गूगलच्या शोधात साइट वर आणायची), म्हणजे या गिरणीचा मालक नाही तरी पट्टा मीच फिरवतो. पैसा_पासरींच्या काळात हे चालून गेलं. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत 'पांडा' नावाचा बदल आणला, तेव्हा अशा उथळ साइट्सना पहिला फटका बसला. मार्च २०२४ मध्ये तर स्पॅमच्या नियमांत स्पष्ट घातलं की वाचकाला काही न देता केवळ क्रमवारीसाठी घाऊक मजकूर काढणं हा स्पॅम, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

तरी गिऱ्हाईक थांबत नाही. आता शीट अशी येते : एआयने काढलेला मजकूर देतो, तो 'माणसाने लिहिल्यासारखा' करून द्या. दर निम्मा. म्हणजे यंत्राने हजार लेख वाचून काढलेला काढा, त्याला आपण माणसाचा वास लावायचा. यात मूळ कोण आणि नक्कल कोण, मला आता कळेनासं झालंय.


बाबल्या

एक शंका. विकिपीडिया तर मुक्त आहे ना? मग तिथून उचलून बदललं तर प्रश्न मिटला.


खडू_फळा

नाही मिटत. मुक्त म्हणजे बेवारशी नव्हे. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे : श्रेय द्यायचं, आणि त्यात फेरफार करून छापलं तर आपलाही मजकूर त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. गिऱ्हाईकाच्या साइटच्या तळाला 'सर्व हक्क राखीव' लिहून ते करता येत नाही. मी मराठी विकिपीडियावर थोडंफार लिहिते. माझीच वाक्यं मला साइट्सवर भेटतात, आणि कधी कधी त्याच साइटचा दुवा कुणीतरी माझ्या लेखाला संदर्भ म्हणून आणून लावतं. साप आपलं शेपूट गिळतो म्हणतात ते हेच.


कलमकसाई

बाबल्या, तसंच 'सरकारी आहे म्हणजे फुकट' हेही चूक. शासकीय प्रकाशनावर शासनाचा कॉपीराइट असतो, प्रकाशनापासून साठ वर्षं. राजपत्र, कायदे, न्यायनिवाडे यांना सवलत आहे. कृषी विभागाची रंगीत पुस्तिका म्हणजे राजपत्र नव्हे.

अवांतर : चुका कशा प्रवास करतात यावर एक झकास खटला आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या रूरल नावाच्या टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत काही खोटी नावं मुद्दाम पेरून ठेवली होती. फाइस्ट नावाच्या प्रकाशकाने तिच्यातल्या १,३०९ नोंदी जशाच्या तशा घेतल्या, आणि त्यात चार खोटी नावंही गेली. चोर रंगेहाथ सापडला. तरी १९९१ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाव-गाव-फोन नंबर ही तथ्यं आहेत, वर्णानुक्रमे लावण्यात प्रतिभा नाही, कॉपीराइट नाही. नुसत्या घामाला संरक्षण नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिलेल्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालात हाच सूर आहे. निवाडा कुणाच्या मालकीचा नाही, पण त्यावर संपादकाने स्वतःची बुद्धी चालवून घातलेलं त्याचं आहे.

तुमच्या दुसऱ्या लिंकेने गाळलेलं ते वाक्य, ताई, त्या पेरलेल्या नावासारखंच आहे. कोण कुणावरून उतरवतंय ते त्याने दाखवलं. फरक एवढाच की खोट्या फोन नंबरने बाग जळत नाही.


पोटोबा

अवांतरात अवांतर : बोर्डो मिश्रणाचा इतिहास कुणाला ठाऊक आहे का? फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे, का, तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा रोग येत नाही. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला. धाग्याशी संबंध आपापला लावून घ्यावा. (ह. घ्या.)


नेवार्ककर

म्हणजे लेखांवर पण काहीतरी निळं शिंपडायला हवं!


पैसा_पासरी

ठीक आहे, मी थोडा मागे येतो. आत्याचा किस्सा वाचून वाईट वाटलं. अशा दहा-बारा आत्या मीही बदलल्या असतील, खोटं कशाला बोलू. 'पर्सनल टच ठेवा' अशी सूचना असायची. पर्सनल टच आणायचा कुठून? मग समोरच्याचाच ठेवायचा.

पण उपाय सांगा. तीस पैशांत काम करणाऱ्या बाईला 'करू नकोस' म्हणणं सोपं आहे. तिने सोडलं तर उद्या शीट दुसरीकडे जाईल, वीस पैशांत.


उपसंपादक_निवृत्त

करू नकोस असं मी म्हणालो नाही. मी केलं असतं ते सांगतो. लिंका वाचायच्या आणि बंद करायच्या. समोर उघड्या ठेवून लिहिलं की हात आपोआप त्यांच्याच वाटेने जातो. मग कोऱ्या कागदावर आपल्याला काय कळलं ते लिहायचं. जे लिहिता येत नाही ते आपल्याला कळलेलंच नसतं, तिथे लिंकेचं वाक्य ओढून न आणता मुळाकडे जायचं. डाळिंबाचं मूळ म्हणजे सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, राहुरीचं विद्यापीठ. आणि ताईंच्या घरात तर चालताबोलता संदर्भग्रंथ आहे, त्यांना विचारायचं. शेवटी एक ओळ : ही माहिती कुठून घेतली. याला एका लेखामागे अर्धा तास जास्त लागेल. परवडत नसेल तर दर वाढवून मागा किंवा औषधं, फवारणी, कायदा, पैसा असे विषय घेऊ नका. 'पावसाळ्यात केसांची निगा' लिहा, त्याने कुणाचं झाड जळत नाही.


खडू_फळा

केसांचंही बघा हं काका, लोक काहीही लावतात.


आटपाडीची_सून

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मुलाची परीक्षा होती.

काय केलं ते सांगते. एजन्सीला मेल केला. त्यांनी आकडा दुसऱ्या दिवशी बदलला, एवढं मानलं पाहिजे. ज्या दोन साइट्सवर चूक होती त्यांनाही कळवलं. एकीने उत्तर दिलं नाही, दुसरीचा मेल परत आला, तो पत्ताच बंद आहे. तिथे अजून दहा लिटरच आहे.

मग मामांना घेऊन बसले आणि लेख पुन्हा लिहिला. लिंका बंद करून. त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्यातल्या अर्ध्या तिन्ही लिंकांत नव्हत्या. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे. भांडं प्लॅस्टिकचं नाहीतर मातीचं, लोखंडाचं नको. मिश्रण झालं की त्यात स्वच्छ लोखंडी विळा मिनिटभर बुडवून काढायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, म्हणजे पानं भाजतील, आणखी चुना घाला. थर नाही चढला तर मारा. आणि केलेलं त्याच दिवशी संपवा. "उद्याला ठिवलं की ते मेलं," हे त्यांचं वाक्य मी तसंच ठेवलं. प्रमाणाचे आकडे सोलापूरच्या केंद्राच्या शिफारशीवरून तपासले. खाली लिहिलं : माहिती शेतकऱ्याच्या अनुभवावरून, प्रमाण अमुक ठिकाणच्या शिफारशीनुसार.

एजन्सीचं उत्तर आलं. लेख छान आहे, पण नव्वद शब्द जास्त झालेत, विळ्याचा परिच्छेद काढा. आणि शेवटची ओळही काढा, क्लायंटला बाहेरचे संदर्भ चालत नाहीत.

मी म्हटलं, विळा काढत नाही. नव्वद शब्दांचे पैसे नकोत. अजून उत्तर नाही.


पैसा_पासरी

सत्तावीस रुपये सोडलेत ताई तुम्ही.


आटपाडीची_सून

हो, हिशेब मीही केला होता.


बाबल्या

ताई, तुमच्या मामांना एक विचारा ना. आमची सुपारी आहे, यंदा कोळेरोग फार. बोर्डो तेच एक टक्क्याचं मारायचं ना? आणि पावसाआधी किती दिवस? नेटवर तीन ठिकाणी तीन तऱ्हा आहेत.


आटपाडीची_सून

बाबल्या दादा, आत्ताच विचारलं. ते म्हणाले, "सुपारी म्या कधी लावली न्हाई, मला काय म्हाईत. त्येंच्या गावात कुणी लावली आसंल त्येला इचारा म्हणावं."


बाबल्या

बरां. शेजारच्या तात्यांक इचारतंय.